घोडीवाल्यानं मागं बघितलं

गेल्या वर्षभरात मी जेवढे पिक्चर पाहिले, त्यातला एकही धड नव्हता. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी एखादा तरी चांगला निघेल या आशेवर कुणी वाचत बसायला नको.

आमची भोसरीची कंपनी गुरुवारी बंद असते. अख्ख्या एमआयडीसीचाच गुरुवार. आणि पिक्चर लागतो शुक्रवारी. म्हणजे आमच्या वाट्याला तो येतो सातव्या दिवशी, उतरायच्या आदल्या दिवशी. बरा असला तर त्याची सगळी गोष्ट कॅन्टीनमध्ये आधीच फोडून झालेली असते. भिकार असला तर थिएटरात आम्ही, एसी आणि मागच्या रांगेत कॉलेजचं एखादं जोडपं, ज्यांचं पडद्याशी काही देणंघेणं नसतं. बहुतेक वेळा जोडपंच असतं.

माझं काम रबरी सील तपासायचं. डाग, चीर, फुगा दिसला की माल बाजूला. वीस वर्षं हे केलं की माणसाची नजर नासते. लग्नात गेले तरी मला नवरीच्या दागिन्यांआधी मांडवाचा उसवलेला कोपरा दिसतो. नवरा म्हणतो, "तुला पिक्चरला नेणं म्हणजे इन्स्पेक्शनला नेणं." पण त्याला कोण विचारतं. मी जाते ती सासूबाईंसाठी. त्यांना मी आत्या म्हणते. सासरे गेल्यापासून दर गुरुवारी दुपारचं जेवण उरकलं की आत्या चांगलं लुगडं नेसून ओट्यावर बसतात आणि विचारतात, "आज काय हाय?" जणू चिंचवडच्या मॉलमध्ये त्यांची कुणीतरी वाट बघतंय.

दिवाळीत आम्ही भुताचा पिक्चर पाहिला, तिसरा भाग. पहिल्या भागात भूत बाईचं, दुसऱ्यात तिच्या मुलीचं, तिसऱ्यात त्यांच्या बंगल्याचं. चौथ्यात बहुतेक सोसायटीच्या लिफ्टचं येईल. भूत आलं की ढणाढणा वाजवायचं आणि नाही आलं तर त्याहून जोरात. त्या गोंगाटात आत्या गाढ झोपल्या. मी जागी होते, ही माझी चूक.

मग एक कामगारांचा पाहिला. पोस्टरवर हिरॉईन, गालाला ग्रीस. ग्रीस तरी कसं, बाळाला तीट लावावी तसं, मापात. केस मोकळे, ओढणी लोंबतेय आणि बाई प्रेस चालवतेय! आमच्याकडं हातात बांगडी ठेवून कुणी मशीनजवळ गेलं तर सुपरवायझर दारातूनच ओरडतो. आणि ठिणग्या किती! जिकडं बघावं तिकडं ठिणग्या, जेवणाच्या डब्यातून तेवढ्या उडायच्या राहिल्या होत्या. माणसं एकमेकांशी बोलतच नव्हती, भाषणं करत होती. अहो, शिफ्ट सुटल्यावर माणूस पहिलं वाक्य काय बोलतो? "बस गेली का रे?" इथं एक म्हातारा कार्ड पंच करून आभाळाकडं बघतो आणि म्हणतो, "या घामाला एक दिवस आवाज फुटेल." शी! घामाला वास फुटतो बाबा. डबलशिफ्टच्या बसमध्ये चढ एकदा.

रडका पिक्चरही झाला. मुलगा परदेशात आणि आई इकडं खिडकीत. पहिल्यांदा खिडकीत, मध्यंतरानंतरही खिडकीत. आत्यांनी बराच वेळ सहन केलं, मग म्हणाल्या, "हिला घरात काय कामधंदा न्हाई व्हय?" पुढच्या रांगेतली एक बाई नाक पुसत वळून आमच्याकडं बघायला लागली. मी आत्यांना गप्प केलं, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं.

आणि मग वीस-बावीस वर्षांनी निघालेले दुसरे भाग. या धंद्याची तर मला किळस आलीय. शिळ्या कढीला ऊत आणायचा आणि वर कोथिंबीर भुरभुरायची. एका पोलिसवाल्याच्या पिक्चरमध्ये हिरो साठीचा, केस डांबरासारखे काळे, पोट पट्ट्यानं आवळलेलं, आणि समुद्रकाठी नाचतोय एका कोवळ्या पोरीबरोबर.

"त्याची नात का गं ती?" आत्यांनी विचारलं.

"हिरॉईन आहे आत्या."

"अगं बया! पोरीच्या घरचं कुनी न्हाई का?"

एवढी सगळी घाण आम्ही हसत सोसली, कारण त्यात आमचं काही अडलेलं नव्हतं. पण या उन्हाळ्यात एका पिक्चरचा दुसरा भाग आला, आणि त्यात आत्यांचं खरंच अडलेलं होतं. ते समजायला पहिल्या भागाची हकिगत सांगावी लागेल.

आमचं गाव निघोज्याच्या अलीकडं. आता चारी बाजूंनी कंपन्या आणि गोदामं, पण गावचा घाट अजून आहे. घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीचा चढ. यात्रेला गाडे पळतात. बैल खालून सुटतात आणि त्यांच्यापुढं एक घोडी पळते. घोडीवर एक माणूस, पाठीला गोचिडासारखा चिकटलेला. घोडी पुढं निघाली की बैल तिच्या ओढीनं उधळतात. आमचे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणायचे आणि सगळं गाव दादा म्हणायचं, ते घोडीवाले. पंचक्रोशीत त्यांच्यासारखी घोडी काढणारा नव्हता.

पंचवीसेक वर्षांपूर्वी पिक्चरवाले गावात आले. त्यांच्या हिरोला घाटात घोडी पळवायची होती. हिरो घोडीजवळ गेला, घोडीनं नाक फुरफुरवलं, हिरो लांब जाऊन खुर्चीत बसला. मग मामंजींना हिरोचा गुलाबी फुलाफुलांचा शर्ट घालायला दिला. जन्मभर पांढऱ्याशिवाय काही न घातलेला माणूस, लाजून मेला. त्यांना बजावून सांगितलं होतं की, "दादा, पाठ दिसली पाहिजे. काही झालं तरी मागं बघायचं नाही." मामंजी म्हणाले, "व्हय, व्हय." गाडा सुटला, घोडी भन्नाट निघाली, आणि माथ्यावर पोचता पोचता मामंजींनी मान वळवून मागं बघितलं.

बघणारच! घोडीवाला मागं बघतोच. बैल मागं येतायत का फुटून बाजूला पळालेत, हे बघितल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडेल का? पिक्चरवाल्यांनी डोक्याला हात लावला. परत घ्यायला गेले तर बैल दमलेले आणि ऊन कललेलं. राहिलं ते तसंच. पिक्चर लागला तेव्हा पुण्या-मुंबईत कुणाला पत्ता लागला नाही, पण आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक होतं: घाटाच्या माथ्यावर, पापणी लवेल तेवढा वेळ, हिरोच्या शर्टातून आमचे मामंजी वळून बघतात. मिशा पिंजारलेल्या, पुढचा एक दात नाही, आणि तोंडभर हसू. बैल मागोमाग आले होते ना.

आता आत्यांचं सांगते. आमच्याकडं पूर्वी बाईमाणूस घाटात जात नव्हतं. घोडीचं खाणंपिणं, लीद, मालिश सगळं आत्यांनी केलं. यात्रेला पुरणपोळ्या रांधल्या. पण नवऱ्याला घोडीवर पळताना त्यांनी उभ्या जन्मात एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिलं ते पिक्चरमध्येच. मी लग्न होऊन आले तेव्हा तो पिक्चर टीव्हीवर सारखा लागायचा. घाट आला की कुणीतरी ओरडायचं, "आलं, आलं!" आणि आत्या कणकेच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. मामंजी मात्र "जरा गोठ्यात जाऊन येतो" म्हणून सटकायचे. ते पडद्यावर वळून बघायचे, आत्या पदर तोंडाशी धरून हसायच्या, आणि परत पोळ्यांकडं.

मामंजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, पण तो स्टुडिओवाल्याचा पराक्रम. मतदान कार्डावरच्या एवढ्याशा फोटोवरून मोठा केला, अंगात निळा कोट घातला, डोक्याला फेटा बांधला, गाल गोरे केले. आत्या त्याला हार घालतात, पण त्याच्याकडं बघत नाहीत. पिक्चरची सीडी होती, ती गावभर फिरून घासून गेली. टीव्हीवरही तो लागेनासा झाला. मध्ये एकदा भाकरी थापता थापता आत्या मला म्हणाल्या, "ह्यांचा चेहरा पुसट व्हाया लागलाय गं. मिशा आठवत्यात, हसू आठवतं, पन सगळं मिळून येत न्हाई." "असं होतं आत्या," मी म्हणाले.

आणि मग नवऱ्यानं फोनवर दुसऱ्या भागाची जाहिरात दाखवली. त्यात धुळीचा लोट, घाट आणि एक घोडी. नवरा किंचाळलाच, "अगं, ही दादांची घोडी! कपाळावरचा चांद बघ!" जुन्या पिक्चरचा तो तुकडा नव्यात घेतला होता. नवऱ्याचा चुलतभाऊ शुक्रवारीच जाऊन आला आणि त्याचा फोन आला, "वहिनी, सीन हाय बरं का. पुरता हाय!" आत्यांनी गुरुवारपर्यंतचे दिवस कसे काढले ते मला विचारा. दर तासाला एकच प्रश्न, "उतरला तर न्हाई ना गं?"

गुरुवारी आम्ही तिघं गेलो. दारातल्या तपासणाऱ्या बाईनं आत्यांच्या पदराची गाठ चाचपली आणि विचारलं, "ये क्या है?" गाठीत भंडारा होता. घाटात गाडा जिंकला की उधळतात ती हळद. आत्या म्हणाल्या, "हळद हाय बाई, बॉम्ब न्हाई." मी आत्यांकडं बघितलं तर त्या दुसरीकडंच बघायला लागल्या. पडद्यावर उधळायचा बेत होता म्हातारीचा.

पिक्चर कसा होता? थुकरट होता. हिरो आता मोठा उद्योगपती झालाय आणि गावाला वाचवायला हेलिकॉप्टरमधून उतरतो. कुणापासून वाचवायला, ते त्यालाही ठाऊक नसावं. गाव म्हणून जे दाखवलं त्यात एक गोदाम नाही, एक कंटेनर नाही. सगळ्या बायका एकाच रंगाच्या नऊवारीत, कमरेवर रिकामी घागर. चाकणचा चौक ओलांडल्याशिवाय आमच्या गावाला जाता येत नाही आणि चौक ओलांडायचा तर माणूस तिथंच म्हातारा होतो. म्हणून हेलिकॉप्टर, एवढं एक मात्र त्यांना बरोबर सुचलं. मी हे नवऱ्याच्या कानात सांगत होते. तो म्हणाला, "गप ना जरा. आता येईल."

आलं. मध्यंतराच्या थोडं आधी हिरो घाटात उभा राहून डोळे मिटतो आणि त्याला जुनं आठवतं. पडद्यावर धूळ उठली. लाऊडस्पीकरवरची आरोळी आली, भिर्रर्रर्र... घोडीचे पाय, आपटणारी माती, गुलाबी शर्टातली पाठ. मामंजींची पाठ! डावा खांदा किंचित खाली, जन्मभर वैरणीचे भारे वाहून झालेला. नवऱ्यानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी ठोकली. आत्या खुर्चीत पुढं सरकल्या आणि त्यांनी पदराची गाठ सोडली.

मान वळली. वळली ती मामंजींच्याच सवयीनं, आधी खांदा, मग हनुवटी. आणि समोर आला हिरो.

हिरोचा तरणा चेहरा, गुळगुळीत, कॉम्प्युटरवर केलेला. दात सगळे शाबूत. आमच्या माणसाच्या मानेवर तो त्यांनी बसवला होता. इतक्या वर्षांनी चूक दुरुस्त केली होती मेल्यांनी. नवऱ्याची शिट्टी अर्ध्यातच विरली. माणूस मेल्यावर त्याचं मुंडकं बदलायचं आणि धड वापरायचं? याला काय म्हणायचं?

आत्या हळूच म्हणाल्या, "हे न्हाईत गं. हे कोन?"

मध्यंतराला आम्ही बाहेर आलो. चुलतभावाला मी मनातल्या मनात शेलक्या शिव्या दिल्या. त्या गाढवानं घोडी बघितली, माणूस बघितलाच नाही. मॅनेजर म्हणून एक टायवाला उभा होता, त्याला गाठलं.

"अहो, घोडीवरचा माणूस आमच्या घरचा आहे. त्याच्या तोंडावर दुसऱ्याचं तोंड लावलंय."

तो म्हणाला, "मॅम, तुमचा फीडबॅक ॲपवर टाकू शकता."

ॲपवर! त्याचा टाय धरून ओढावा वाटला. पण त्या बापड्याचा काय दोष, त्यानं कुठं पिक्चर काढला होता. नवरा तोवर फोनवर जुना पिक्चर शोधत होता. सापडला. या दुसऱ्या भागासाठी नवा चकाचक करून परत टाकला होता. त्यानं घाटापर्यंत पुढं सरकवला आणि फोन माझ्यापुढं धरला. तिथंही हिरोच वळून हसत होता. म्हणजे मागं जाऊनसुद्धा पुसून आले होते. नवऱ्यानं फोन खिशात टाकला, "मला नाही आत यायचं परत," म्हणाला आणि खाली गाडीत जाऊन बसला. रडला असेल. आमच्या घरातले पुरुष गाडीत रडतात.

मी आत्यांजवळ बाकड्यावर बसले. वडापाव आणला, त्यांनी हातात नुसता धरून ठेवला. "चला घरी," मी म्हणाले.

"डोळं मिटलं की आता त्योच येतोय," आत्या म्हणाल्या. "आधी पुसट व्हतं, पन ह्येच व्हते. आता त्यो भाड्या येतोय. दात काढून."

शिव्या मला सगळ्या येतात, पण धीराचं एक वाक्य सुचलं नाही. नुसती त्यांच्या मांडीवर हात ठेवून बसले. समोरच्या भिंतीवर त्याच हिरोचं पोस्टर होतं, माझ्या उंचीच्या दुप्पट.

त्याच्याकडं बघत आत्यांनी विचारलं, "उद्या उतरतोय ना गं ह्यो?"

"उतरतोय. बरं होतंय."

"मग अजून येक खेळ असंल आज."

"संध्याकाळचा आहे. कशाला पण?"

"पाठ बघायची," आत्या म्हणाल्या. "पाठ तर ह्यांचीच हाय. तिला कुनी हात लावला न्हाई. तू फकस्त त्यो तोंड काढायच्या आत मला सांग. मी डोळं मिटीन."

मी उठले आणि वर्षातल्या सगळ्यात घाणेरड्या पिक्चरची तिकिटं त्याच दिवशी दुसऱ्यांदा काढली. खिडकीतली मुलगी खूश झाली. म्हणाली, "आवडला वाटतं काकू?"

संध्याकाळी थिएटरात आम्ही दोघीच. परत ते हेलिकॉप्टर, परत त्या रिकाम्या घागरी. पण या वेळी मी कुचकटपणा करत नव्हते. खुणा लक्षात ठेवत होते. हिरो डोळे मिटतो, धूळ उठते, आरोळी येते, घोडीचे पाय जवळून दिसतात, मग पाठ, आणि माथ्याजवळ एक बाभूळ लागते. बाभळीनंतर मान वळते. दोष यायच्या आधी हात घालायचा, हे मला वीस वर्षं जमतंय.

धूळ उठली. आत्यांनी माझं मनगट धरलं. घोडी निघाली. त्या खेळाला आत्यांनी पाठ पोटभर बघितली. तोंडानं हलकंच पुटपुटत होत्या, घोडीला का नवऱ्याला, कळलं नाही. बाभूळ दिसली.

"आत्या, मिटा!"

त्यांनी डोळे घट्ट मिटले. पडद्यावर तो उपरा वळून हसला. मी त्याच्याकडं बघितलंच नाही, मी आत्यांकडं बघत होते. मिटल्या डोळ्यांनी त्या हसायला लागल्या. तस्संच हसू, स्वयंपाकघराच्या दारातलं, पदर तोंडाशी धरून. मुठीतला भंडारा त्यांनी समोरच्या अंधारात उधळला. पुढच्या रिकाम्या खुर्च्या पिवळ्या झाल्या.

"उघडा आत्या," मी म्हणाले. "गेला तो."

त्यांनी सावकाश डोळे उघडले, पदराला हात पुसला आणि माझं मनगट सोडलं.

"वळून बघितलं गं ह्यांनी," आत्या म्हणाल्या. "चल, ऊठ आता. म्होरचा पिक्चर लई घाण हाय."